हिरोनिमोचा रोजनामा

मी तालुक्याच्या कोर्टात बेंच क्लार्क आहे. नोकरी सांभाळून एम.ए. इंग्रजीला बाहेरून बसले, तेव्हा नाटकाच्या पेपरात थॉमस किडचं 'द स्पॅनिश ट्रॅजेडी' होतं. शेक्सपिअरची नाटकं निदान ऐकून तरी माहीत होती. किड हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. पहिले दोन महिने पुस्तक उघडायचं आणि मिटायचं, एवढंच झालं. सुरुवातीलाच डॉन आंद्रेआचं भूत येतं आणि आपल्या पाताळातल्या प्रवासाचं लांबलचक वर्णन करतं. त्याच्या शेजारी 'सूड' माणसाचं रूप घेऊन बसलेला. जुनी इंग्रजी, मध्येच लॅटिन. गाइडमध्ये 'रोमन नाटककार सेनेकाचा प्रभाव : भूत, रक्तपात, लांब स्वगतं' एवढ्यावर उरकलेलं. ते पाठ झालं, नाटक मात्र हाती लागेना.

रविवारी मी एका निवृत्त प्राध्यापकांकडे शंका विचारायला जात असे. त्यांना म्हटलं, "सर, हे नाटक मी सोडून देते." ते म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या अंकापासून वाचा, आणि मोठ्यानं वाचा. त्यात तुमच्याच कोर्टातली माणसं आहेत."

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी ओट्याशी उभी राहून तिसरा अंक मोठ्यानं वाचला. हिरोनिमो हा स्पेनच्या राजाचा नाइट मार्शल, म्हणजे न्यायनिवाडा करणारा अधिकारी. त्याच्याकडे पक्षकार आलेत. एकाचा दावा कर्जाचा, एकाचा भाडेपट्ट्याच्या जमिनीच्या ताब्याचा. मागे एक म्हातारा, बाझुल्टो, मुका उभा आहे. त्याचा अर्ज खून झालेल्या मुलासाठी. इकडे हिरोनिमोच्याही मुलाला, होरेशिओला, रात्री घरच्याच बागेत मांडवाला टांगून भोसकलेलं आहे, आणि न्याय द्यायला बसलेल्या बापाला स्वतःसाठी न्याय मिळालेला नाही. म्हाताऱ्याचा अर्ज वाचताना त्याचा तोल जातो. जपून ठेवलेला, मुलाच्या रक्तात भिजलेला रुमाल बाहेर येतो. मग तो सगळ्यांचे कागद दातांनी फाडतो. पक्षकार ओरडतात. त्यातला एक म्हणतो, माझा भाडेपट्टा गेला, दहा पौंड पडले होते त्याला!

त्या दहा पौंडांपाशी मी थांबले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेले सातबारे, घडीवर विरलेली खरेदीखतं मी रोज हातात घेते. कागद परत मिळेपर्यंत माणसाची नजर त्यावरून हलत नाही. हे किडला कुठून कळलं? त्याच्या चरित्रात उत्तर मिळालं. त्याचे वडील फ्रान्सिस किड लंडनमध्ये स्क्रिव्हनर होते. आपल्याकडे कोर्टाच्या आवारात अर्जनवीस बसतात, तशातलं काम. किड १५५८ साली जन्मला, मर्चंट टेलर्स शाळेत शिकला, पण विद्यापीठात गेल्याची नोंद नाही. घरात दिवसभर दस्त आणि करारनामे.

मग मी मला येतं तेच केलं. एक कोरी वही घेऊन नाटकाचा रोजनामा लिहायला बसले. कोण हजर, काय दाखल झालं, पुढे काय झालं. महिनाभर रोज एक-दोन प्रवेश. या नाटकात अडकलेल्या कोणालाही मी हेच सांगेन, कारण सूडाच्या नाटकाचं खरं बांधकाम असं मांडल्यावर दिसतं.

माझ्या वहीत ते असं आलं. होरेशिओची प्रेयसी बेल-इम्पीरिया हिचं रक्तानं लिहिलेलं पत्र हिरोनिमोच्या पुढ्यात पडतं : खुनी तिचा भाऊ लोरेन्झो आणि पोर्तुगालचा राजपुत्र बाल्थाझार. हिरोनिमो लगेच तलवार उपसत नाही. हा सापळा असेल म्हणतो, दुसरा पुरावा शोधतो. तो पुरावा पेद्रिंगानोकडून येतो. हा बेल-इम्पीरियाचा नोकर, लोरेन्झोला फितूर झालेला, खुनात सामील आणि आता दुसऱ्या खुनासाठी फाशीवर चढलेला. लोरेन्झोनं माफीपत्र पेटीत पाठवलंय या भरवशावर तो शेवटपर्यंत थट्टा करत राहतो, आणि पेटी रिकामी असते. त्याच्या खिशातलं पत्र फाशी देणारा हिरोनिमोला आणून देतो. आता दोन पुरावे जुळले. हिरोनिमो राजाकडे धाव घेतो, "न्याय, न्याय" म्हणून ओरडतो. लोरेन्झो मध्ये पडतो आणि त्याला वेडा ठरवतो. होरेशिओ मेला आहे हेसुद्धा राजाला माहीत नसतं! त्या रकान्यात मी लिहिलं : अर्ज पोचलाच नाही.

यानंतरच 'विंडिक्टा मिही' हे स्वगत येतं. 'सूड घेणं माझं काम' हे बायबलमधलं, रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायातलं देवाचं वचन. त्यानं सुरुवात करून हिरोनिमो हातातल्या सेनेकाच्या पुस्तकाकडे वळतो : गुन्ह्याला सुरक्षित वाट गुन्ह्यातूनच जाते. एकीकडे बायबल, दुसरीकडे रोमन नाटककार. सेनेकाच्या दहा शोकांतिका १५८१ साली इंग्रजीत एकत्र छापून आल्या होत्या. गाइडमधला तो 'प्रभाव' मला इथे समजला. भुतं आणि रक्त वरवरचं आहे. खरी ओढाताण या एका माणसाच्या डोक्यात चालू आहे.

प्रेक्षकांच्याही डोक्यात ती असणार. चर्च सांगत होतं, सूड हे पाप. आणि १५८४ साली राणी एलिझाबेथच्या रक्षणासाठी निघालेल्या 'बॉण्ड ऑफ असोसिएशन'वर सही करणारे शपथ घेत होते की राणीवर घाला झाला तर तो ज्याच्यासाठी झाला त्यालाही जिवंत सोडणार नाही. स्पेनचं तर नाव काढलं तरी लंडन तापत असे. फिलिप दुसऱ्यानं १५८० मध्ये पोर्तुगाल घेतलं, १५८८ मध्ये आरमार इंग्लंडवर आलं. नाटकात आरमाराचा उल्लेख नाही, म्हणून ते त्याआधीचं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. लंडनच्या रोझ नाट्यगृहाचा मालक हेन्स्लो याच्या हिशोबवहीत त्याचे प्रयोग १५९२ पासून दिसतात.

शेवटी हिरोनिमो दरबारात नाटक बसवतो. त्या नाटकात लोरेन्झो आणि बाल्थाझार खरोखरच मारले जातात आणि हिरोनिमो स्वतःची जीभ चावून तोडतो. परीक्षेत बहुतेक जण याच प्रसंगावर पानं भरतात. माझं मत वेगळं आहे. आधीचा बेल-इम्पीरियाचा धीर आणि मुलगा मेला तो मांडव स्वतःच्या हातानं तोडणारी आई इझाबेला यांच्याकडे दुर्लक्ष होतं, ते मला पटत नाही. पुरावा पहिल्यांदा पाठवते ती बेल-इम्पीरिया, तीही कोंडलेल्या खोलीतून.

पेपरात प्रश्न आला तो हिरोनिमो सूड घेतो की न्याय मागतो, असाच. वही डोळ्यांसमोर उभी राहिली. पाऊण तास मी फक्त तेवढंच लिहिलं. पास झाले, साठाच्या वर गुण पडले. पुढच्या पेपराला 'हॅम्लेट' होतं. तिथेही भूत, चालढकल, नाटकातलं नाटक. किड आधी वाचल्यानं ते फार सोपं गेलं. आगरकरांनी १८८३ मध्ये केलेलं त्याचं मराठी रूप, 'विकारविलसित', शेजारी ठेवून वाचलं.

वहीची शेवटची पानं मात्र किडसाठीच ठेवली. मे १५९३ मध्ये त्याला पकडलं. त्याच्याकडे धर्मविरोधी कागद सापडले. ते नाटककार मार्लोचे आहेत, आम्ही एका खोलीत लिहायचो तेव्हा माझ्या कागदांत मिसळले, असं त्यानं सांगितलं. सुटल्यावर त्यानं सर जॉन पकरिंग या बड्या अधिकाऱ्याला पत्रं लिहिली : माझ्यावरचा आळ दूर करा, माझ्या धन्याची मर्जी परत मिळवून द्या. ती पत्रं आजही आहेत. मर्जी परत मिळाली नाही. १५९४ च्या ऑगस्टमध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्याला पुरलं. डिसेंबरमध्ये त्याच्या आईनं त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहायला नकार दिला. असे अर्ज आमच्याकडेही येतात, बहुतेकदा मागे फक्त देणी उरलेली असतात तेव्हा.