व्हीपी सोडवायला आलेला पोरगा

२०१७ च्या उन्हाळ्यात मी एका तालुक्याच्या गावी सब-पोस्टमास्तर होतो. बाजाराचा दिवस, खिडकीवर ही गर्दी. विशीतला एक पोरगा चिठ्ठी घेऊन आला. दिल्लीहून १,८५० रुपयांची व्हीपी होती, म्हणजे पोस्टात पैसे भरून सोडवायचं पार्सल.

"साहेब, लकी नंबर लागलाय. चौदा हजारांचा मोबाइल!"

मागं त्याची आई, हातात रुमालात बांधलेल्या नोटा.

'नंबर लागला' असं सांगणारे फोन तेव्हा गावोगाव येत. मी नेहमीचं ऐकवलं, "आधी पैसे, मग पार्सल. उघडून बघता येणार नाही. शंका असेल तर घेऊ नकोस, परत पाठवतो." आई घुटमळली. पोरगा कसला ऐकतोय! पैसे भरले आणि पार्सल खिडकीतच फाडलं. आत पत्र्याचं लक्ष्मीयंत्र, आणि वजनाला वर्तमानपत्रात गुंडाळलेला फरशीचा तुकडा.

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. ती माउली रिकाम्या रुमालाची घडी घालत राहिली.

"आता आमच्या हातात काही नाही" हे ओठांवर आलंच होतं. का कोण जाणे, विचारलं, "तू काही मागवलं होतंस का रे?"

"नाय ओ, त्यांचाच फोन आला."

तिथं डोक्यात लख्ख झालं. तेव्हा लागू असलेल्या १८९८ च्या पोस्ट कायद्याचं कलम ३५: खऱ्या मागणीवरून माल पाठवतोय, असं पाठवणाऱ्यानं जाहीर केल्याशिवाय व्हीपी करताच येत नव्हती. मागणीच नव्हती, म्हणजे ते जाहीर करणंच खोटं. आणि फसवणूक असेल तर वसूल केलेली रक्कम रोखून, पार्सल घेणाऱ्याला परत करायची सोय त्याच कलमात होती. खात्यातल्या परीक्षेसाठी पाठ केलेलं, पुढं कधी लागलं नव्हतं.

पैसे अजून गल्ल्यातच होते. रांगेतल्या दोघांना पंच केलं, पोराकडून अर्ज लिहून घेतला, ते पैसे पाठवणाऱ्याकडे नेणारी मनीऑर्डर थांबवली. अधीक्षक फोनवर करवादले, "नसतं झेंगट!" मग म्हणाले, लेखी पाठवा. द्यायचं मनात नसताना बक्षिसाचं आमिष दाखवणं ग्राहक कायद्यातही अनुचित व्यापारी प्रथाच. पण १,८५० रुपयांसाठी दिल्लीपर्यंत माग काढत कोण जाणार? हातात होते तेवढे पैसे वाचवायचे. दोन महिन्यांनी ते त्या मायलेकांना मिळाले.

त्या संध्याकाळी खिडकी बंद झाल्यावर व्हीपीचं रजिस्टर मागं चाळत गेलो. त्याच पाठवणाऱ्याच्या नऊ नोंदी निघाल्या. नऊही मनीऑर्डरी रवाना झालेल्या, प्रत्येकीपुढं माझी सही.