ग्रेगसन स्ट्रीटचा पूल आणि भाड्याचा ट्रक

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅरी, मॉरिसव्हिल, डरहॅम या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत. घर बदलताना भाड्याचा ट्रक घेऊन स्वतःच चालवायचा, ही इथली रीत. २६,००० पौंडांपर्यंतच्या ट्रकला वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे एरवी मोटार चालवणारा माणूस एकदम बारा-तेरा फूट उंचीच्या वाहनात बसतो. डरहॅमच्या साउथ ग्रेगसन स्ट्रीटवरच्या रेल्वेपुलाला धडकणाऱ्यांत अशा ट्रकांची संख्या मोठी आहे.

पूल १९४० सालचा. २०१९ पर्यंत त्याखालची उंची ११ फूट ८ इंच, म्हणजे जेमतेम ३.५६ मीटर होती. या राज्यात १३ फूट ६ इंचांपर्यंतची वाहनं कायदेशीर आहेत, म्हणजे पूल त्याहून जवळजवळ दोन फुटांनी खुजा होता. २००८ पासून शेजारच्या इमारतीतला कॅमेरा हे अपघात टिपतो आहे आणि त्यात दीडशेहून जास्त धडका नोंदल्या गेल्या आहेत. चित्र बहुतेक वेळा तेच असतं: ट्रकच्या डब्याचं छत पुढच्या कडेपासून सोलून निघतं, नाहीतर आरव्हीच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, टपावरचा एसी रस्त्यावर येऊन पडतो.

‘रस्ता खाली का घेत नाहीत?’ हा प्रश्न पहिला येतो. रस्त्याखालून सांडपाण्याची मुख्य वाहिनी जाते, तीही फार खोल नाही. पूल उचलायचा तर रूळ उचलावे लागतात, आणि रूळ एकाच जागी उचलता येत नाहीत. दोन्ही बाजूंना चढ लांबवर नेऊन हळूहळू मिळवावा लागतो, आणि जवळपास रस्ता व रूळ एकाच पातळीवर असलेली फाटकं आहेत. तरीही २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूल ८ इंच वर घेतला आणि उंची १२ फूट ४ इंच, म्हणजे ३.७६ मीटर झाली. तेवढ्यानेही धडका थांबल्या नाहीत; पहिली धडक त्याच नोव्हेंबरात झाली.

पुलाच्या अलीकडची आडवी जाड पोलादी तुळई म्हणजे क्रॅश बीम. धडक ती झेलते, पुलाचे गर्डर नाही. वरून मालगाड्या आणि अ‍ॅमट्रॅकच्या प्रवासी गाड्या धावतात. गर्डर जागेवरून जरासा सरकला तरी रूळ वाकडा होतो. ट्रकवाल्याला ही तुळई निष्ठुर वाटते, पण वरच्या रेल्वेगाडीतल्या माणसांसाठी ती असायलाच हवी.

आपल्याकडे रेल्वे फाटकाअलीकडे हाइट गेज असतो तो वरच्या विजेच्या तारेपासून वाहन वाचवण्यासाठी. इथला बीम पूल वाचवतो.

२०१६ मध्ये पुलाअलीकडच्या पीबडी स्ट्रीटच्या चौकात सिग्नल बसवला. उंच वाहन आलं की सेन्सर ते ओळखतो, दिवा लाल होतो आणि ‘वाहन उंच आहे, वळलंच पाहिजे’ असा फलक लागतो. फसगत होते ती पुढच्या क्षणी. दिवा हिरवा झाला की चालक सरळ जातो! लाल दिवा फक्त विचार करायला वेळ देतो, ट्रकची उंची कमी करत नाही. तो फलक दिसला तर पीबडीवर वळायचं, मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

ट्रक ताब्यात घेतानाच दारावर किंवा केबिनमध्ये चिकटवलेली उंची वाचा आणि फूट-इंचांत मोठ्या अक्षरांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. आकडा सापडला नाही तर टेपने सगळ्यात उंच ठिकाण मोजा. आरव्हीवर ते एसीचं झाकण असतं. मोटारीसाठीच्या साध्या नकाशा अ‍ॅपला तुमच्या ट्रकची उंची माहीत नसते, म्हणून मार्ग आधी स्वतः तपासा. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सामान भरलेला ट्रक स्प्रिंगवर दबलेला असतो, रिकामा झाला की वर येतो. जाताना इंचभराने निसटलेला ट्रक परतताना अडकू शकतो, म्हणून उंची रिकाम्या ट्रकचीच धरा. भाडेकरारही वाचा, अनेक करारांच्या साध्या संरक्षणात टपाचं नुकसान धरलेलं नसतं.

अडकलातच तर जोर लावून पुढे काढू नका. सगळ्यांना उतरवून पुलाखालून दूर न्या आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. पुलावर रेल्वेचा आपत्कालीन क्रमांक असलेला फलक दिसला तर तिथेही लगेच कळवा, म्हणजे तपासणी होईपर्यंत गाड्या थांबवता येतील. ट्रक काढण्याचं काम टोइंगवाल्यांचं. ते टायरमधली हवा सोडून त्याला काही इंच खाली आणतात आणि मग आला तसा मागे ओढून घेतात.