कटर टेबल अपडेट: खोक्यावरचा एचपी आणि प्लेटवरचा एचपी

घरीच बनवतोय त्या लाकूड कापायच्या टेबलाची (टेबल सॉ) फ्रेम झाली, टॉप बसला, आता मोटर. बाजारात २.५ एचपीचं रेडी टेबल सॉ मिळत असताना मी लूमची (यंत्रमागाची) जुनी १ एचपी मोटर का लावतोय असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर.

रेडी मशीनच्या खोक्यावर मोठ्ठं २.५ एचपी आणि खाली बारीक १८०० वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, भागून बघा, २.४ येतात. पण १८०० हे मोटर लाइनमधून खाते ते, शाफ्टला मिळतं ते नव्हे, कार्बन ब्रशवाल्या अशा मोटरीत त्यातलं बरंच उष्णतेत नि पंख्यात जातं आणि हाती दीडच्या आसपास उरतं. आणि काही खोक्यांवर ६ एचपी वगैरे लिहितात ते 'पीक एचपी' तर सोडूनच द्या, मोटर अडकायच्या आधी क्षणभर जे निघतं ते, तेवढ्या लोडवर चालवत बसलं तर वाइंडिंग गेलंच समजा. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला ३६८० वॅट येतात, म्हणजे पाच एचपीसुद्धा होत नाहीत, मग घरच्या प्लगवर ६ एचपी कुठून आणणार?

आपल्या सोलापुरात लूमच्या मोटरी भंगारात लई. माझ्या मोटरीच्या माहितीच्या प्लेटवर सुताचा नि ग्रीसचा थर होता, रॉकेलनं पुसल्यावर दिसलं: ०.७५ किलोवॅट (म्हणजे १ एचपी), १४४० आरपीएम, १.८ अँपिअर स्टार (वाइंडिंगच्या जोडणीचा एक प्रकार), एस१. यातले किलोवॅट म्हणजे शाफ्टवरचं आउटपुट असतं, आणि एस१ म्हणजे फुल लोडवर सलग चालवा. दोन इंची बाभळीत चुलतभावाचं रेडी मशीन आवाज पाडत थांबतं नि जळका वास मारतं, ही सावकाश ढकललं की कापत जाते. सागवानाला तर दोन्ही चालतात, तिथं फरक कळतच नाही.

थ्री फेज होती म्हणून वाइंडिंगवाल्याकडून सहाही टोकं बाहेर काढून स्टारऐवजी डेल्टा जोडणी करून घेतली, म्हणजे ती २३० व्होल्टला चालते, आणि सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (घरच्या सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारा ड्राइव्ह) लावला. डेल्टात करंट १.७३ पट होतो म्हणून ओव्हरलोड ३.१ अँपिअरला सेट. मोटरला ५ इंची पुली, ब्लेडला २ इंची, म्हणजे ३६०० आरपीएम. यात टॉर्क कमी होतो पण एचपी तेवढाच, बेल्टमध्ये थोडं जातं ते सोडा.

आता अडलंय ते व्हीएफडीपाशी. भुशामुळं बंद डब्यात ठेवलाय आणि आपल्याकडं दुपारी ४२ डिग्री, डबा चांगलाच तापतो. फिल्टरवाला पंखा कुणी बसवलाय का, फोटो टाका की.