कॉन्सर्टचं तिकीट: रांग नशिबाची, पेमेंट आपल्या हातातलं

गणपतीला कोकणकन्येचं तिकीट काढून तयार झालेला माणूस कॉन्सर्टच्या बुकिंगला हमखास एक चूक करतो. सेकंदकाटा बघत बसतो आणि बाराच्या ठोक्याला पेज उघडतो. रेल्वेत ते चालतं, तिथे आधी पोचेल त्याचं आधी. मोठ्या कॉन्सर्टला बहुतेक वेळा विक्रीआधी वेटिंग रूम, म्हणजे अ‍ॅपवर थांबून राहायचं पान, उघडते आणि विक्री सुरू होताच आत असलेल्या सगळ्यांना सोडत काढल्यासारखे नंबर मिळतात. साडेअकराला शिरलेला आणि पावणेबाराला शिरलेला, दोघांना संधी सारखीच. बारा वाजून एक मिनिटाने आलेला मात्र या सगळ्यांच्या मागे.

एकदा नंबर पडला की रिफ्रेश करायचं नाही. रांगेतली जागा गेली की गेली. एकाच अकाउंटने चार टॅब उघडण्यातही अर्थ नाही, उलट सगळेच टॅब बाहेर फेकले जाण्याची भीती. त्यापेक्षा घरातल्या तिघांनी आपापल्या अकाउंटने, वेगवेगळ्या फोन-लॅपटॉपवरून बसावं. एकजण घरच्या वायफायवर, बाकीचे मोबाइल डेटावर. ज्याचा नंबर आधी लागेल त्याने सगळ्यांची तिकिटं काढायची. फोनचा स्क्रीन आपोआप बंद होणार नाही अशी सेटिंग करून ठेवा.

नंबर लाखांत आला म्हणून लगेच टॅब बंद करू नका. 22 सप्टेंबर 2024 ला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईच्या शोंची विक्री दुपारी 12 ला सुरू झाली आणि लोकांना लाखांतले नंबर दिसले. 18 आणि 19 जानेवारीचे शो संपले, पण 21 तारखेचा तिसरा शो त्याच दिवशी जाहीर झाला. वैतागून उठलेल्यांची तीही संधी हुकली.

एवढं करून नंबर लागतो, आणि तिकीट हातचं जातं ते पेमेंटच्या पानावर. साडेनऊ हजारांची चार तिकिटं म्हणजे 38,000, वर कन्व्हीनियन्स फी आणि त्या फीवर जीएसटी. यूपीआयची दिवसाची सर्वसाधारण मर्यादा एक लाख असली तरी तुमच्या बँकेने ती कमी ठेवलेली असू शकते. यूपीआय नव्याने सुरू केलं असेल तर पहिले चोवीस तास पाच हजारांच्या वर जाताच येत नाही. कार्डाचंही तसंच: ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का, मर्यादा किती, हे बँकेच्या अ‍ॅपमध्ये आदल्या दिवशी बघायचं. सगळ्यात सोपी तालीम म्हणजे आठवडाभर आधी त्याच अ‍ॅपवर त्याच कार्डाने सिनेमाचं एक तिकीट काढायचं. लॉगिन चालतं का, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, कार्ड सेव्ह होतं का, सगळं कळतं. ओटीपी बाबांच्या फोनवर येणार आणि बाबा बाजारात, हा घोळ तेव्हाच उघडा पडतो. पेमेंटच्या पानावर टायमर चालू असतो, तिथे विचारपूस करायला वेळ नसतो.

पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, तर दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी बुकिंग हिस्टरी बघा. कधीकधी तिकीट निघालेलं असतं, फक्त मेसेज उशिरा येतो. निघालं नसेल तर व्यवहाराचा नंबर टिपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे रोजचे 100 रुपये भरपाई.

कुठली जागा घ्यायची, याची यादी आधीच कागदावर हवी: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. स्टेडियममध्ये स्टेज सहसा एका टोकाला असतं, त्यामुळे बाजूच्या स्टँडमधल्या स्टेजला लागून असलेल्या महाग खुर्चीवरून स्टेजवरचा अर्धा पडदा दिसतच नाही. समोरच्या स्टँडची वरची, स्वस्त लेव्हल लांब असली तरी लाइट्स पूर्ण दिसतात. आमचं मत विचाराल तर तीच घ्या. महालक्ष्मी रेसकोर्सवर गणित वेगळं. मैदान सपाट आहे, पुढे उंच माणूस आला की संपलं. तिथे जनरलचं तिकीट काढून साउंड कन्सोलच्या आसपास उभं राहावं, कारण साउंड इंजिनिअर आवाज तिथे उभा राहूनच जुळवतो. आणि चार सलग जागा मिळत नसतील तर दोन-दोन घ्या. चारच्या हट्टात दोनही जातात.

ब्लॅकच्या तिकिटात गोची अशी की क्यूआर कोडचा एकच स्क्रीनशॉट पाचजणांना विकता येतो. गेटवर पहिला स्कॅन होतो तो आत, बाकीचे चौघे बाहेर. त्यापेक्षा शोच्या आधीच्या आठवड्यात अधिकृत अ‍ॅप रोज एकदा उघडा. स्टेज आणि कॅमेऱ्यांची मांडणी पक्की झाली की त्यांच्यासाठी अडवून ठेवलेल्या जागांपैकी काही अनेकदा विक्रीला सुटतात, तेव्हा ना रांग असते ना वेटिंग रूम. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर शो असेल तर परतीच्या शेवटच्या हार्बर लोकलची वेळ तेवढी आधी बघून ठेवा.