कोणी दिलं?

‘मिळणं’ आणि ‘देणं’ ही दोन क्रियापदं मी पूर्वी एकाच दिवशी शिकवायचे. आता शिकवत नाही. त्याला कारण २०१३ चा एप्रिल महिना आणि जालन्यातली एक संध्याकाळ.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी बाहेरून आलेल्या माणसांना मराठी शिकवायला लागले. बदलून आलेले बँकेचे अधिकारी, सळईच्या कारखान्यातले बिहारकडचे इंजिनिअर, आणि अधूनमधून मिशनच्या कामाला आलेली परदेशी माणसं. जालन्याला मिशन काही नवं नाही. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री यांनी इथे काम उभं केलं आणि शहराजवळ बेथेल ही वस्ती वसवली. बेथेल म्हणजे देवाचं घर. ‘बेथेलसाठी जमीन सालारजंगांनी दिली’ हे माझं ठरलेलं उदाहरणाचं वाक्य. निजामाच्या दिवाणाने ख्रिस्ती वस्तीला जमीन दिली, हे ऐकून विद्यार्थी थबकतो आणि मग ‘नी’ विसरत नाही.

त्या वर्षी आलेलं जोडपं कोरियाचं होतं, बरोबर चार वर्षांची मुलगी. ज्या देशात १८८५ च्या सुमाराला बाहेरून मिशनरी गेले, तो देश आता जगभर स्वतःची माणसं पाठवतो. पाठवतो ते ठीक. पण मराठवाड्यात मार्चमध्ये पाठवतो, तेही २०१३ च्या मार्चमध्ये! बहात्तरच्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसं त्या वर्षी गप्प झाली होती, कारण बहात्तरला धान्य नव्हतं तरी विहिरींना पाणी होतं. घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला होता. लोकांनी लेकरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत जळाल्या. अशा दिवसांत ही तिघं सहा बॅगा घेऊन कुंडलिकेकाठी, जुन्या जालन्यातल्या भाड्याच्या घरात उतरली.

पहिले पंधरा दिवस कागदपत्रांत गेले. चौदा दिवसांच्या आत एसपी ऑफिसात परदेशी नागरिक म्हणून नोंद, घरमालकाचा करारनामा, गॅस. ते सगळं सोडून देते. शिकवण्याचं सांगते, कारण तिथेच माझा जीव आहे.

कोरियन माणसाला मराठी शिकवणं हा मोठा आनंद असतो. वाक्याच्या शेवटी क्रियापद त्यांच्याकडेही येतं, त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्याला जे सहा महिने छळतं, ते त्यांना पहिल्या दिवसापासून येतं. अडतं ते उच्चारात. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ग’ आणि ‘घ’ त्यांच्या तोंडून ‘क’कडे झुकतो. माझी विद्यार्थिनी, म्हणजे त्या मुलीची आई, ‘घर’ म्हणायला जायची आणि ‘कर’ निघायचं. मी तिच्या हाताचा पंजा तिच्याच गळ्यावर ठेवून ‘घ’ म्हणायला लावायचे, गळ्यातली थरथर हाताला लागेपर्यंत. ‘माझं’ मात्र तिने पहिल्यापासून ‘माजं’ म्हटलं आणि मी ते सुधारलं नाही. आमची निम्मी गल्ली ‘माजं’च म्हणते.

मग मालकीची वाक्यं. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे छत्री आहे. माझं घर आहे. तीन प्रकारचं ‘असणं’. परदेशी लोकांसाठीची पुस्तकं यावर अर्धं पान देतात आणि पहिल्याच धड्यात ‘धन्यवाद’ शिकवतात, ही माझी जुनी तक्रार आहे. भाजीवाल्याला, दूधवाल्याला, दार उघडणाऱ्याला ‘धन्यवाद’ म्हणत फिरणारा माणूस इथे पाहुणाच राहतो. आपल्याकडे उपकार बोलून फेडत नाहीत. शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. हे मी तिला पहिल्या आठवड्यातच सांगितलं. तिने लगेच वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कुणाची तरी वाटी साखर घालून परत केली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिने मला एक कागद दाखवला. नव्या घरात उपकारस्तुतीची सभा ठेवली होती. चर्चच्या मंडळीतली वीस-पंचवीस माणसं, पाळकसाहेब आणि गल्लीतले शेजारी. त्यात तिला मराठीतून पाच मिनिटं बोलायचं होतं. उपकारस्तुती हा शब्द मला फार आवडतो. आपल्या एरवीच्या बोलण्यात तो नाही, ख्रिस्ती मराठीने तो जपला आहे. ‘आभारप्रदर्शन’ म्हटलं की हार, शाल आणि कंटाळलेले श्रोते दिसतात. ‘उपकारस्तुती’त आधी उपकार आठवावा लागतो.

कागदावर तिने अकरा वाक्यं लिहिली होती. आम्हाला घर मिळालं. आम्हाला कूलर मिळाला. मुलीला औषध मिळालं. आम्हाला पाणी मिळालं. अकराही वाक्यांत ‘मिळालं’. व्याकरणात एक चूक नव्हती, लिंग-वचन बरोबर होतं. तीन आठवड्यांची विद्यार्थिनी असं लिहिते म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. पण मला ते वाचून कोरडं वाटलं.

मी तिला सांगितलं, “‘मिळालं’ म्हटलं की देणारा दिसत नाही. पाऊस पडला तसं पाणी मिळालं. ‘दिलं’ म्हण. मग विचारावंच लागतं, कोणी दिलं? आणि त्या माणसाला ‘ने’ नाहीतर ‘नी’ लावावा लागतो.” फळ्यावर दोन रकाने केले. डावीकडे मिळालं, उजवीकडे दिलं. एकेक वाक्य डावीकडून उजवीकडे न्यायचं. कूलर कोणी दिला? औषध कोणी दिलं? पाणी कोणी दिलं?

तिसऱ्याच वाक्याला ती अडली. माणूस माहीत होता, नाव माहीत नव्हतं. “मावशीने पाणी दिलं,” ती म्हणाली. त्यांच्याकडेही वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारत नाहीत. आपल्यासारखंच मावशी, आत्या, आजी. थोरांना काही द्यायचं असेल तर ‘देणं’ हे क्रियापदसुद्धा वेगळं वापरतात. एवढा अदब असलेल्या बाईला मी म्हटलं, “मावशीने म्हणजे कोणत्या मावशीने? गल्लीत चौदा मावश्या आहेत. नाव विचारून ये.”

हे मी का म्हटलं? शिक्षिका म्हणून मला वाक्य पूर्ण हवं होतं, हे एक. दुसरं असं, की पैसे नि वस्तू पाठवणाऱ्या दूरच्या माणसांची नावं या लोकांच्या पत्रांत ओळीने येतात आणि इथे हंडा उचलून देणारी बाई ‘स्थानिक लोक’ होऊन जाते, हे मी आधीही पाहिलं होतं. मला त्याचा राग होता. तो राग खरा होता, अजूनही आहे.

तिला ते पटलं. तिच्या देशातल्या मंडळ्यांत उपकाराचं दान पाकिटात घालून देतात, पाकिटावर नाव आणि कारण लिहितात आणि ते वाचूनही दाखवतात. तिच्यासाठी उपकार नावासकट सांगणं हा रीतसर मान होता. दोन दिवस ती वही घेऊन गल्लीत फिरली. “तुमचं नाव काय? पूर्ण नाव?” कूलर दुरुस्त करून देणारा पोरगा, मुलीला घामोळ्यासाठी औषध देणारे कंपाउंडर, गॅसची टाकी उसनी देणारी शिक्षिका. अकरा वाक्यांची अकरा नावं झाली.

पाणी देणाऱ्या शेजारच्या आजींचं नाव मी इथे लिहीत नाही.

आजी सत्तरीच्या. पहाटे पाचच्या आधी स्टीलची कळशी पदराखाली झाकून आणायच्या आणि मागच्या दाराने देऊन जायच्या. कळशीच्या पोटाला पोचा होता, तो नेहमी अंगाकडे धरायच्या, म्हणजे कळशी कमरेवर बसते. “पोरीला आंघोळ घाल, अंग उतलंय तिचं,” एवढंच बोलणं. मार्चच्या मध्यापासून रोज एक कळशी. आठ-नऊ लिटर. जालन्याबाहेरच्या माणसाला हे किरकोळ वाटेल. आमच्या गल्लीत तेव्हा टँकर आठवड्याने यायचा, घरामागे दोन ड्रम, आणि ड्रमला आतून खडूने खुणा केलेल्या असायच्या. आज इथपर्यंत, उद्या तिथपर्यंत.

मी त्या मागच्या दाराचा विचार केला नाही. पहाटेच्या वेळेचाही नाही. पदराचाही नाही. वीस वर्षं मुलांच्या निबंधांत न लिहिलेलं वाचत आले, आणि हे माझ्यासमोर होतं.

सभा रविवारी संध्याकाळी अंगणात झाली. सतरंज्या, कूलर दारात ओढलेला, पेटी आणि झांजा. भजन झालं, पाळकसाहेबांनी थोडक्यात प्रार्थना केली. मंडळीच्या कमिटीतल्या एका गृहस्थांनी मात्र वीस मिनिटं स्वतःच्याच कामाची स्तुती केली. अशा माणसांना कुणीतरी घड्याळ दाखवायला हवं. मग ती उभी राहिली. निळी साडी, हातात कागद, पण कागदाकडे बघत नव्हती. “हे माजं घर आहे,” तिने सुरुवात केली. ‘घ’ स्पष्ट आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

एकेक नाव ती घेत गेली आणि तो तो माणूस लाजून खाली बघत होता. गल्लीतल्या लोकांची नावं अशी चारचौघांत कोण घेतं? मतदार यादीत आणि रेशनच्या दुकानात. कूलरवाल्या पोराच्या आईने पदराने डोळे पुसले. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या शिकवण्याचं चीज झालं.

मग ती आजींच्या पूर्ण नावाला ‘नी’ लावून म्हणाली, “…यांनी रोज सकाळी आम्हाला पाणी दिलं. एक महिना.”

आजींनी मान वर केली नाही. त्यांचा मुलगा भिंतीशी उभा होता. त्याने हातातला चहाचा कप खिडकीत ठेवला, न पिता. आणि सून, ती दारापाशी बायकांत बसली होती, ती एकदम सासूकडे बघायला लागली. त्या बघण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

महिनाभर ड्रममधलं पाणी खुणेच्या खाली जात होतं आणि त्या घरात रोज बोलणी सून खात होती. धुण्याला जास्त घेतेस, सांडतेस, माहेरी असंच होतं का. नवऱ्याने एकदा ड्रमला कुलूप लावण्याची भाषा केली होती. सासू ऐकत होती आणि गप्प होती.

मुलाला मी खलनायक करणार नाही. त्याची गावाकडे दीड एकर मोसंबी होती. डिसेंबरपासून त्याने विकतचे टँकर घालून झाडं धरली, मार्चमध्ये पैसे संपले, बाग तोडली. ज्याने स्वतःच्या हाताने फळावरची झाडं तोडली, तो ड्रममधलं पाणी बोटाने मोजणारच. पण त्या रात्री त्याचा आवाज तीन घरं ऐकू आला. “मला चोर केलं चारचौघांत! माझ्या घरातलं पाणी मलाच म्हाईत नाही!”

सोमवारी आजी आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. माझी विद्यार्थिनी धड्याला आली ती रडूनच. “बाई, मी चूक बोलले? नाव चूक? ‘नी’ चूक?” मी म्हटलं, व्याकरण बरोबर होतं. त्यापुढे मला शब्द सापडेना. आपल्याकडे म्हणतात, या हाताचं त्या हाताला कळू नये. हे मला लहानपणापासून पाठ, तिच्या बायबलातही हेच आहे. दोघींनाही माहीत होतं आणि दोघींनी मिळून त्या हाताचं चारचौघांत सांगितलं होतं. ‘मिळालं’ हे क्रियापद मी आळशी समजत होते. ते झाकण्यासाठीही असतं, हे मी तिला शिकवलंच नव्हतं.

मी आजींकडे गेले. माफी मागायला लागले तर म्हणाल्या, “तुम्ही कामून माफी मागायलाव, बाई? त्या पोरीनं मान दिला मला. साठ सालं झाली लगीन होऊन, माझं नाव कुनी असं घेतलं न्हाई.” आणि थोडं थांबून, सून आत आहे याचा अंदाज घेऊन, हळू म्हणाल्या, “पर हिला बोलणी बसली माझ्यापायी. तेवढं मी बोलाया पाहिजे होतं.”

इथेच माझा गुंता आहे. नाव घेतलं नसतं तर आजींची पहाटेची कळशी चालू राहिली असती आणि सूनही बोलणी खात राहिली असती. नाव घेतलं म्हणून एका घरात आठ दिवस चूल गप्प पेटली, आणि एका बाईवरचा आळही उतरला. यातलं कोणतं मी केलं म्हणायचं? ‘मी’ला तर ‘ने’ही लागत नाही. मी दिलं, मी केलं. मराठीत स्वतःच्या कर्तेपणावर खूण राहत नाही.

महिनाअखेरीला भाजी घ्यायला निघाले, तेव्हा सून वाटेत भेटली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. इकडेतिकडे बघून म्हणाली, “बाई, तुमच्या त्या ताईला सांगा, माझं नाव नका घेऊ म्हणाव कुठं.” मी विचारलं, कशाबद्दल? ती हसली फक्त, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी धडा होता. मी नेहमीसारखं विचारलं, घरी सगळं ठीक? मुलीचं घामोळं?

“कमी आहे, बाई,” माझी विद्यार्थिनी म्हणाली. क्षणभर थांबली, फळ्याकडे बघितलं. “पाणी मिळतंय.”

मी पुढचं विचारलं नाही. खडू घेतला आणि भविष्यकाळ शिकवायला लागले.