एकाएकी काही पडत नाही

ठाण्यात स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतींच्या मजबुतीची तपासणी, करतो म्हटलं, की लग्नात, रिक्षात, न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा एकच प्रश्न येतो: "साहेब, चांगली उभी इमारत एकाएकी पडते कशी हो?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

एकाएकी नाही पडत. संडासाचा पाइप जॉइंटला झिरपतो. ते पाणी स्लॅबमधल्या सळईपर्यंत जातं. सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. ती मिळाली नाही की काँक्रीट आतून फोडतो. आधी सळईच्या रेषेत केसाएवढी चीर, मग फुगवटा, मग ढलपा खाली. हातोडीने ठोकलं तर धड स्लॅब खणखणीत वाजतो, फुगलेला बदबद. यात वर्षांमागून वर्षं जातात.

मग कुणाला दिसत नाही का? दिसतं की! माणसं दुर्लक्ष फार मेहनत घेऊन करतात, हे मला या धंद्यात कळलं. ढलपा पडला की पीओपीचं सीलिंग. कॉलमला चीर गेली की पुढे कपाट. वरचा म्हणतो माझ्याकडे कोरडं आहे, खालचा म्हणतो वरच्याने करावं, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव होतो रंगकामाचा. सोसायटीच्या उपविधीत, म्हणजे नियमावलीत, स्वच्छ लिहिलंय: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी ऑडिट, पुढे दर ३ वर्षांनी. पण "आता कशाला खर्च, रीडेव्हलपमेंटला जातेच आहे" म्हटलं की सगळे माना डोलावतात. बिल्डर काही येत नाही.

महापालिका पावसाळ्याआधी यादी काढते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. नोटीस चिकटते, माणसं तिथेच राहतात. भाडेकरूला वाटतं, एकदा बाहेर पडलो की हक्क गेला. याला दुर्लक्ष म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याला पर्यायी जागेचं लेखी न देता नुसती नोटीस डकवणारा, तो खरा दुर्लक्ष करणारा. शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला इमारत पडून ७४ माणसं गेली, ती तर जुनीही नव्हती. बेकायदा मजले सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चढत होते. नौपाड्यात बी-केबिनची कृष्णा निवास ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे पडली, १२ जण गेले.

ऑडिटला घरोघरी आतल्या खोल्यांपर्यंत जावं लागतं, तेव्हा इमारतीपलीकडचंही दिसतं. वर्तकनगरला एका घरात हॉल चकाचक, एसी, मोठा टीव्ही. मागच्या खोलीत गळतीखाली बादली, भिंतीला काळी बुरशी, आणि त्याच भिंतीला पलंग लावून आजी. खोकत होत्या. मुलगा म्हणाला, "तिला सवय आहे." त्या मला खुणेने म्हणाल्या, पलंग तेवढा हलवायला सांगा.

अहवालात पलंगाचा रकाना नसतो. तरी शेऱ्यात लिहिलं: 'खोली राहण्यास अयोग्य, वापर तात्काळ थांबवावा.' सही-शिक्क्याचा कागद बघून मुलाने त्याच आठवड्यात आजींना हॉलमध्ये आणलं. आता टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे असतो म्हणे, आणि सूनबाई माझ्यावर जाम चिडल्या आहेत.