गोल गोळी की लांबट गोळी? ठासणीच्या बंदुकीचा माझा अनुभव

कोलोरॅडोत ठासणीच्या बंदुकीचा हंगाम सप्टेंबरात येतो. त्याच दिवसांत एल्क, म्हणजे सांबराच्या कुळातली मोठी जनावरं, माजावर असतात, नर रानभर ओरडत फिरतात आणि रायफलवाल्यांची गर्दी अजून सुरू झालेली नसते. लायसन्स मात्र सोडतीत लागावं लागतं, त्याचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच भरायचा असतो. मला मादी एल्कचं लायसन्स लागलं तेव्हा हंटर एज्युकेशनचं कार्ड खिशात होतं, बंदूक घरात होती. ठरायचं होतं ते एवढंच, की नळीत ठासायचं काय.

ठासणीची बंदूक मला अगदीच परकी नव्हती. आजोळी कोकणात शेतराखणीच्या परवान्याची एक होती, भिंतीला टांगलेली. तिच्यात दारू, चिंध्या आणि छर्रे जायचे, आणि डुकरं पळवून लावणं एवढंच तिचं काम. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा विषयच संपला, त्यामुळे छर्ऱ्यांपलीकडे विचार करायची वेळ घरात कुणावर आली नव्हती. इथे मात्र एका जनावरावर एकच गोळी जाते, आणि दुसरी भरेपर्यंत जनावर पुढच्या डोंगरावर असतं.

शेजारी एक आजोबा राहतात. आयुष्यभर गोल गोळीच वापरलेली. त्यांच्या मते लांबट गोळी, म्हणजे कॉनिकल, ही "घाईच्या माणसांची सोय". उलट दुकानातल्या पोराला एल्कसाठी राउंड बॉल हे ऐकूनच हसू आलं. दोघंही मला बंदूक कोणती हे विचारायच्या आधीच उत्तर देत होते, तेव्हा मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि नळीकडे वळलो.

कारण खरा प्रश्न नळीतल्या आट्यांचा असतो. गोळीला फिरकी देणारे हे आटे किती इंचांत एक वळसा पूर्ण करतात, त्याला ट्विस्ट म्हणतात. गोल गोळीला फिरकी थोडीच पुरते, म्हणून तिच्या नळ्या 60 किंवा 66 इंचांत एक वळसा अशा असतात. लांबट गोळीला फिरकी कमी पडली तर ती हवेत डोलायला लागते. तिला 28 किंवा 32 इंचांत वळसा हवा. आणि अशा जलद आट्यांत गोल गोळी मोठ्या बारावर मारली, तर तिच्याभोवतीची चिंधी आटे धरतच नाही, नुसती घसरत बाहेर येते.

माझी बंदूक जुनी, .50ची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची, हॉकेन या जुन्या अमेरिकी बंदुकीच्या घाटाची, घोड्याखाली केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बसवायची. नळीवर ट्विस्टचा आकडा कुठेच छापलेला नव्हता. तो मोजायला सोपा आहे. आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची. मग मूठ मोकळी फिरणाऱ्या सफाईच्या गजाला घट्ट बसणारी चिंधी लावून तो तळापर्यंत घालायचा, गजावर नळीच्या तोंडाशी एक खूण करायची आणि सावकाश बाहेर ओढायचा. गज आपोआप फिरत येतो. माझा 24 इंच बाहेर आला तेव्हा खूण बरोबर उलट्या बाजूला गेलेली होती. अर्धा वळसा, म्हणजे 48 इंचांत एक. मधला ट्विस्ट, दोन्ही गोळ्या चालवून घेतो आणि निर्णय तुमच्या गळ्यात टाकतो.

मग वजनाचं गणित. .50च्या नळीत .490 इंच व्यासाची गोल गोळी चिंधीत गुंडाळून बसते; तिचं वजन 177 ग्रेनच्या आसपास. एक तोळा म्हणजे 180 ग्रेन, तेव्हा हातात जवळजवळ तोळाभर शिसं आलं असं समजा. मी आणलेली कॉनिकल 370 ग्रेनची, दोन तोळ्यांहून थोडी जास्त. गोल गोळी जड करायची तर नळीच मोठी घ्यावी लागते, म्हणून आजोबांची बंदूक .54ची आहे, सव्वादोनशे ग्रेनची गोळी मारणारी. कॉनिकल त्याच नळीत लांबीने वाढते. शिवाय गोल गोळीला हवा फार अडवते. निघताना ती सपाटून निघते, पण शंभर यार्डांवर तिचा निम्म्याहून जास्त जोर गेलेला असतो. कॉनिकल निघते सावकाश, पण तो जोर टिकवून ठेवते.

रेंजवर आधी गोल गोळी घेतली. उशीच्या खोळीचं जाड सुती कापड, त्याच्या चकत्या, त्यांना वंगण. सत्तर ग्रेन काळी दारू मापून ओतली, चकतीवर गोळी ठेवली आणि गजाने खाली ठासली. पन्नास यार्डांवर गोळ्या इतक्या जवळ पडल्या, की हाताच्या तळव्याखाली सगळी भोकं झाकली जावीत. धक्का जवळजवळ नाहीच, दिवसभर मारत बसावं असं वाटतं. पण माझं लक्ष होतं उडून पडलेल्या चकत्यांवर. नळीपुढे दहा-पंधरा यार्डांत त्या गवतात सापडतात आणि सगळी हकीकत सांगतात. सत्तर ग्रेनची चकती मधोमध काळी, कडा शाबूत, आट्यांच्या खुणा एकसारख्या. बार शंभर ग्रेनवर नेला तसा चकत्यांच्या कडांना जळकी भोकं पडलेली दिसू लागली, आणि निशाण्यावरच्या गोळ्याही विखुरल्या. म्हणजे जोर वाढवायचा तर नेम जाणार. आट्यांची खोली कमी असल्याने माझ्या नळीची धाव तेवढीच.

कॉनिकलला चिंधी लागत नाही, तिच्या खाचांत चरबी भरावी लागते. मेण आणि मटणाची चरबी वितळवून मी ते घरीच केलं. घरभर वास पसरला तशी बायको म्हणाली, "अहो, 1857 याच्यावरूनच झालं होतं ना?" बरोबरच होतं तिचं. एन्फिल्डची ती काडतुसं लांबट गोळीचीच होती, आणि त्यांच्या कागदाला लावलेल्या चरबीवरूनच पेटलं. आमच्याकडे प्रकरण गॅस बाहेर गॅलरीत नेण्यावर मिटलं.

नव्वद ग्रेनवर कॉनिकलने खांदा चांगलाच दुखवला. गोळ्यांचा घोळका गोल गोळीपेक्षा थोडा मोठा आला, पण दारू आणि गोळी यांच्यामध्ये फेल्टची चकती घातल्यावर तो आवळला. आणि पंचाहत्तर यार्डांवरही तो फारसा फुटला नाही.

कॉनिकलची एक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. गोल गोळीला चिंधी घट्ट धरून ठेवते. कॉनिकल नुसती आट्यांत रुतून बसते, आणि दिवसभर डोंगर चढता-उतरताना नळी खाली झुकली तर दारूवरून पुढे सरकू शकते. मध्ये पोकळी राहिली आणि बार उडवला, तर नळी फुगू किंवा फुटू शकते. त्यावर उपाय गजाचा. भरलेल्या नळीत गज घालून तोंडाशी रंगाने रेघ मारून ठेवायची. रानात थांबलं की, नळीचं तोंड चेहऱ्यापासून लांब ठेवून, गज घालून रेघ जागेवर आहे का बघायचं. केप अर्थातच त्या वेळी बसवलेली नसते. आजोबा यालाच "घाईच्या माणसांची सोय" म्हणतात, पण माझ्या मते यात घाई कसलीच नाही, उलट एक काम वाढतंच.

कायद्याचंही बघावं लागलं. कोलोरॅडोत या हंगामात एल्कसाठी नळी किमान .50ची लागते. साबो, म्हणजे प्लास्टिकच्या टोपणातल्या बारीक गोळ्या, चालत नाहीत. दुर्बीण चालत नाही. कॉनिकलची लांबी व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त नको. माझ्या दोन्ही गोळ्या यात बसत होत्या, म्हणजे कायद्यानेही माझ्या वतीने काही ठरवलं नाही.

शेवटी ठरवलं ते जनावराने. हरणाला तोळाभर शिसं पन्नास यार्डांवरून भरपूर होतं. पण एल्कची मादीसुद्धा दोन-सव्वादोनशे किलोची असते, आणि ती नेहमी आडवीच उभी राहते असं नाही. जरा तिरकी असली की गोळीला जाड कातडं, बरगडी आणि भरपूर मांस ओलांडून फुप्फुसापर्यंत जायचं असतं. आजोबांची .54 ते करत आली आहे, आणि ते चाळीस यार्डांच्या आत आल्याशिवाय चाप ओढत नाहीत. माझ्यात तेवढा धीर आणि तेवढी पावलं चोरायची कला अजून नाही. एल्कसाठी कॉनिकल, आणि पंचाहत्तर यार्डांपुढे बार नाही, असं पक्कं केलं.

हंगामात ती सकाळीच मिळाली. अ‍ॅस्पेनच्या पिवळ्या पडत चाललेल्या झाडीच्या कडेला, पंचावन्न-साठ यार्डांवर, जराशी तिरकी. बारानंतर पांढऱ्या धुराशिवाय काही दिसेना. बाजूला वाकून पाहिलं तर ती झाडीत शिरत होती. फार लांब गेली नाही. गोळी आरपार गेलेली होती, दोन्हीकडून रक्त असल्याने माग काढायला त्रास पडला नाही. पुढचं काम, म्हणजे सोलणं, चार पाय वेगळे करणं आणि ते पाठीवर टाकून गाडीपर्यंत खेपा घालणं, यात दिवस मावळला. फ्रीझर भरला, आणि एल्कचा खिमा आमच्याकडे बोकडापेक्षा जास्त चालतो.

आजोबांना मी एक मांडी दिली. त्यांनी हकीकत ऐकली, अंतर विचारलं आणि म्हणाले, एवढ्यावर माझ्या गोळीनेही हेच केलं असतं. .54ने केलंही असतं. माझ्या .50च्या सत्तर ग्रेनबद्दल विचारलं तेव्हा मात्र मान हलवून गप्प बसले. पुढच्या सोडतीत मी हरणाचा अर्ज भरला आहे. तो लागला तर कॉनिकलचा डबा कपाटातच राहील. खोळीच्या कापडाच्या चकत्या कापायला मी आत्ताच घेतल्या आहेत.